मुंगीच्या मापाचे कपडे

१

या शहरात निम्मी माणसं कपडे टाकून देण्यात गुंतलेली असतात आणि उरलेली निम्मी ते टाकलेले कपडे शोधण्यात. रफूवालीचा दोन्हीकडे पाय होता. आठवडाभर ती एका मोठ्या लाँड्रीच्या मागच्या खोलीत बसून लोकांचे उसवलेले कोट आणि कसरीनं खाल्लेले स्वेटर रफू करायची, आणि शनिवारी सकाळी मुलीला घेऊन जुन्या कपड्यांची दुकानं पालथी घालायची.

अलीकडे जुनं घालण्याची टूमच निघाली होती. कपडा जितका जुना तितकं गिऱ्हाईक खूश, वर पृथ्वी वाचवल्याचं समाधान फुकट. रफूवालीला टुमेशी काही देणंघेणं नव्हतं. चांगलं दणकट कापड एका तुटक्या बटणापायी कचऱ्यात जाताना तिनं इतकं पाहिलं होतं, की मुलीसाठी नवं काही विकत घ्यायचं नाही असा तिनं पणच केला होता. नणंद याला आधी चिक्कूपणा म्हणायची. मग नणंदेच्या ऑफिसातल्या मुलीही जुनंच घालून यायला लागल्या, तेव्हापासून ती याला तत्त्व म्हणू लागली.

मुलगी आठ वर्षांची. रस्त्यात दिसेल ते, बटण म्हणू नका, बाटलीचं झाकण म्हणू नका, उचलून घरी आणायची, म्हणून तिचं नाव पडलं मुंगी. चौथ्या वर्षी ती पलंगावरून पडली होती आणि डाव्या हाताचं कोपर जरा वाकडं जुळलं होतं. हात सगळी कामं करायचा, पण पुरता सरळ व्हायचा नाही. त्यामुळे तिच्या प्रत्येक कपड्याची डावी बाही एक बोट आखूड करावी लागायची.

त्या शनिवारी दोघी एका तळघरातल्या दुकानात उतरल्या. सात पायऱ्या, खाली ट्यूबलाइटचा पांढरा उजेड, इस्त्रीच्या वाफेचा वास. दुकान चालवणाऱ्या काकू कपडे मापानं न लावता रंगानं लावायच्या, म्हणजे गिऱ्हाइकाला सगळं दुकान चाळावंच लागे. हिरव्या कपड्यांत रफूवालीला एक कॉर्डरॉयचं जाकीट मिळालं. मुंगीनं ते तिथंच अंगात चढवलं. खांदे बसले, बटणं लागली, लांबी जिथल्या तिथं.

रफूवाली सवयीनं डावी बाही दुमडायला खाली वाकली. दुमडायला काही नव्हतंच. डावी बाही उजवीपेक्षा एक बोट आखूड होती.

चला, एक काम वाचलं, असं म्हणून ती हसली आणि जाकीट घेऊन घरी आली.

२

घरी तिनं ती बाही उलटी केली ती निव्वळ कुतूहलानं. दुसऱ्याचं काम पाहायची खोड तिला होतीच.

शिलाई हातानं घातलेली होती. टाके बारीक आणि सारख्या अंतराचे होते, आणि ते उलट्या बाजूला झुकलेले होते. उजव्या हातानं शिवणाऱ्याचा टाका एका अंगाला कलतो, डावखुऱ्याचा दुसऱ्या. रफूवाली डावखुरी. शिवण शिकवणाऱ्या मास्तरांनी त्यावरून तिला वर्षभर धारेवर धरलं होतं. शेवटी गाठ मारायची नाही, जागच्या जागी एकावर एक तीन टाके घ्यायचे, ही तिची आणखी एक खोड. तीही मास्तरांना कधी आवडली नाही.

बाहीच्या शेवटी गाठ नव्हती. तीन टाके होते.

मुंगीचे बाबा चष्म्याच्या दुकानात भिंगं घासायचे. ते खिशातलं भिंग काढून सावकाश बाही बघत बसले. "टाके आहेत. छान आहेत. तुझ्यासारखे आहेत," ते म्हणाले. "मग? जगात तू एकटीच डावखुरी आहेस का?"

तिलाही ते पटलं. मास्तरांच्या हाताखालून शंभर मुली गेल्या असतील, त्यांतली एखादी डावखुरी निघाली तर त्यात नवल काय. तरी जाकीट घड्या घालून कपाटात ठेवताना तिनं ते बाकीच्या कपड्यांपासून जरा वेगळं ठेवलं. का ते तिला सांगता आलं नसतं.

पुढच्या शनिवारी त्याच दुकानात एक राखी पँट मिळाली. उजव्या गुडघ्याखाली चंद्रकोरीएवढा रफू होता, इतका सफाईचा की बोट फिरवल्याशिवाय कळू नये. पँट थोडी लांब होती, म्हणून ती तशीच ठेवून दिली.

नंतर दहा दिवसांनी शाळेनं मुलांना खेळाच्या तासाला नव्या पँटी दिल्या. राखी. त्या दिवशी मुंगी मैदानाच्या जाळीवरून घसरली. तारेनं गुडघ्याखाली कापलं, पाच टाके पडले. डॉक्टरकडून आल्यावर मुंगी लगेच बिस्किटं मागू लागली, म्हणजे काळजीचं काही नव्हतं.

फाटलेली नवी पँट रफूवालीनं दुसऱ्या दिवशी मांडीवर घेतली. कापड चंद्रकोरीसारखं फाटलं होतं. तिनं फाटलेल्या कडेवरून बोट फिरवलं. मग उठून कपाटातली जुनी पँट काढली आणि दोन्ही पलंगावर शेजारी शेजारी पसरल्या. तोच कपडा, तेच खिसे, कमरेच्या पट्टीवर तेच शिक्क्याचं चिन्ह. एकावर ते काळं कुळकुळीत, दुसऱ्यावर धुऊन धुऊन पुसट झालेलं. एका पँटीला भोक होतं आणि दुसरीला त्याच जागी रफू.

"मुलं गुडघ्यावरच पडतात," बाबा म्हणाले. "पाठीवर पडणारं पोर दाखव मला एखादं." ती हसली. पण त्यानंतर ती नवी पँट तिनं रफू केली नाही. भोकासकट बोचक्यात टाकली, आणि आठवडाभर तिला त्याची टोचणी लागून राहिली, कारण फाटकं कापड तसंच टाकणं तिच्या हातून आजवर घडलं नव्हतं.

ते बोचकं नंतर तिनं परत उघडलं. मुंगीला खेळाच्या तासाला दुसरी पँट नव्हती, आणि कपाटातली ती जुनी तिला घालायला द्यायचं रफूवालीला धैर्य नव्हतं. तिनं रफू केला, आणि तो जितका वेगळा करता येईल तितका करायचा म्हणून मुद्दाम जाड दोरा घेतला. पण हाताची सवय फार वाईट. अर्ध्या तासानं तिनं जाड दोरा उसवला आणि नेहमीसारखा बारीक रफू केला, कारण तो जाडाभरडा टाका तिला बघवेना.

३

ती एकटीच दुकानात गेली. आठवड्यातल्या मधल्याच एका वारी, दुपारी, लाँड्रीत खोटं कारण सांगून.

काकूंना तिनं सरळच विचारलं, की हे लहान मुलीचे कपडे आणतं कोण. काकू पावडर लावून एका कोटाच्या कॉलरचा डाग काढत होत्या. त्या म्हणाल्या, "मी कुणाला नाव विचारत नाही. बरेचसे कपडे गेलेल्या माणसांचे असतात. विचारलं की लोक अवघडतात आणि पुन्हा फिरकत नाहीत." हा त्यांच्या दुकानाचा नियमच होता. गाठोडं ठेवायचं आणि जायचं.

तिनं दुकान चाळलं. रंगारंगांतून एकेक लहान कपडा काढत गेली आणि ते मापानं रांगेत टांगत गेली, लहानापासून मोठ्याकडे. एक लाल स्वेटर. पांढरा शर्ट. निळा पावसाळी कोट. सात कपडे झाले. प्रत्येकाची डावी बाही एक बोट आखूड, आणि कुठं ना कुठं तिचे ते उलटे कललेले टाके. 

सगळ्यांत मोठा कपडा शेवटी होता. निळ्या पांढऱ्या चौकड्यांचा फ्रॉक. मुंगीला तो अजून दीड-दोन वर्षांनी आला असता. तिनं त्याचा खालचा काठ चिमटीत धरला आणि तिथंच थांबली.

वाढत्या पोराचा कपडा शिवताना खाली जास्तीचं कापड दुमडून ठेवतात. त्याला शिंपी माया म्हणतात. पोर वाढलं की दुमड उसवायची आणि कपडा लांब करायचा. या फ्रॉकच्या घेराला आत वीतभर कापड हाताला लागत होतं. दुहेरी, जाडजूड. कुणी ते कधी सोडलेलंच नव्हतं.

आणि त्यानंतर रांगेत काही नव्हतं. तिनं दोन दोनदा सगळं दुकान पाहिलं. या मुलीचा यापेक्षा मोठा एकही कपडा नव्हता.

तिनं कपड्यांच्या दांडीला हात टेकला. काकूंनी तिला स्टुलावर बसवलं, पाणी दिलं आणि तळघरात हवा कमी पडते अशी स्वतःच समजूत करून घेतली. फ्रॉक तिनं विकत घेतला नाही. तो ज्या घरात नाही त्या घरात काही होणार नाही, असं तिच्या मनानं घेतलं होतं.

४

पुढचे सहा आठवडे रफूवालीचा जीव टांगणीला लागला होता.

मुंगीला रस्ता ओलांडताना ती मनगट इतकं घट्ट धरायची की पोरगी कुरकुरायची. शाळेची सहल तिनं ताप आल्याचं सांगून चुकवली. बाल्कनीच्या गजांना तिनं जाळी बसवून घेतली. रात्री मुंगी झोपली की ती तिच्या छातीवर हात ठेवून श्वास बघायची, आणि मग स्वतःलाच रागावून उठायची. एवढी शहाणीसुरती बाई, कपड्यांवरून पोराचं आयुष्य वाचत बसली होती. ते तिला कळत होतं आणि त्यानं काडीचा फरक पडत नव्हता.

बाबांनी एकदाच आवाज चढवला. म्हणाले, की तुझी भीती पोरीला लागायला लागली आहे, परवा ती जिना उतरताना कठडा सोडायला तयार नव्हती.  बाबांचं खरं होतं.

मुंगी मात्र वाढत होती. दर आठवड्याला पायमोजा थोडा खाली, पँट थोडी आखूड. एरवी आईला याचा आनंद होतो. रफूवालीला वाटायचं की पोरगी त्या फ्रॉककडे चालली आहे.

मग मुंगीची आत्या आली. भाचीला नवव्या वाढदिवसाची भेट म्हणून मोठा खोका घेऊन, आणि वहिनीच्या तत्त्वाची आधीच माफी मागून. "एवढ्या एका वेळेस नवं चालवून घे," ती म्हणाली. "त्यातलं एक मोठ्या मापाचं आणलंय, पुष्कळ दिवस पुरेल."

मुंगीनं कागद फाडला. वर निळ्या पांढऱ्या चौकड्यांचा फ्रॉक होता, कोरा, दुकानातल्या घड्यांचा. त्याच्याखाली हिरवं कॉर्डरॉयचं जाकीट. दोन्ही बाह्या सारख्या लांबीच्या.

मुंगी टाळ्या पिटत होती. आत्या विचारत होती, आवडलं नाही का गं? रफूवाली म्हणाली, आवडलं, खूप आवडलं. आणि स्वयंपाकघरात जाऊन तिनं नळ सोडला आणि त्या आवाजात तोंडावर हात दाबून रडून घेतलं.

५

दुसऱ्या दिवशी दुपारी ती नवा फ्रॉक पिशवीत घालून तळघरात गेली. दोन्ही शेजारी ठेवून पाहायचे आणि कुठं तरी फरक सापडायला हवा, एखादं बटण, एखादी चौकड. एवढीच तिची आशा होती.

जुना फ्रॉक तिथंच होता. ती दोन्ही घेऊन कपडे बदलायच्या खोलीत शिरली. खोली म्हणजे एक कोपरा, पडदा, आरसा आणि वरती पिवळा दिवा. फरक सापडला नाही. मग तिनं जुना फ्रॉक पहिल्यांदाच उलटा केला.

तेव्हा तिला आपली चूक कळली. वीस वर्षं हे काम केलेल्या बाईचीच चूक होती ती. शिकाऊ मुलीनं कपडा उलटा करून डोळ्यांनी पाहिला असता. हिनं चिमटीत धरला आणि बोटांवर भरवसा ठेवला.

हाताला लागलेलं दुहेरी कापड फ्रॉकचं नव्हतंच. आतून दुसऱ्याच कापडाची पट्टी जोडलेली होती. घेरातली माया केव्हाच संपली होती. कापडावर जुन्या दुमडींच्या दोन रेघा स्पष्ट दिसत होत्या. एकदा सोडला, पुन्हा एकदा सोडला, आणि सोडायला काही उरलं नाही तेव्हा काठ आत वळवता यावा म्हणून पट्टी लावली. तो घालणारी मुलगी वाढली होती. वाढतच गेली होती.

रफूवाली आरशाला टेकली. तिला हसू येत होतं आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं. मुंगी वाढणार होती. सहा आठवडे छातीवर बसलेला दगड उतरला, आणि तिनं तो फ्रॉक तोंडाशी धरला.

मग तिनं सवयीनं टाके पाहिले.

पहिल्या रेघेवरची सुईची भोकं बारीक होती. दुसऱ्या रेघेवरचीही. तिची. दोन रेघांत चार बोटांचं अंतर होतं, म्हणजे साधारण वर्षभराची वाढ. पट्टी मात्र दुसऱ्या कुणी लावली होती. निळ्या कापडाला काळा दोरा, तोही दुपदरी. लांब, वेडेवाकडे, उजव्या हाताचे टाके. एके ठिकाणी काठ चुरगळून तसाच शिवला होता. ज्याला कुणी शिकवलेलं नाही, ज्यानं फक्त कधी तरी कुणाला शिवताना पाहिलं आहे, अशा लहान हाताचं ते काम होतं. शेवटी गाठ नव्हती. एकावर एक तीन टाके घ्यायचा प्रयत्न होता.

तिनं पट्टीवर कुठं तरी आपला टाका असेल म्हणून सगळा घेर पुन्हा पुन्हा फिरवून पाहिला. एकही नव्हता.

बाहेर पायऱ्यांवर पावलं वाजली. कुणीतरी खाली उतरलं. पडद्याच्या फटीतून काउंटरचा तुकडा दिसत होता. एक उंच बाई पाठमोरी उभी होती. तिनं गाठोडं काउंटरवर ठेवलं आणि दोन्ही हात खाली सोडले. उजवा सरळ झाला. डावा कोपरात थोडा वाकलेलाच राहिला. तिच्या काळ्या कोटाची डावी बाही दुमडून टाचलेली होती, आणि ते लांब लांब टाके एवढ्या अंतरावरून दिसत होते.

रफूवालीनं हाक मारायला तोंड उघडलं. पण ती बाई वळली असती, तर तो चेहरा आपल्यापेक्षा वयानं मोठा असता, आणि त्या चेहऱ्यानं आपल्याकडे कसं पाहिलं असतं, ते तिला सहन झालं नसतं. तिनं तोंड मिटून घेतलं. पडदा सारून ती बाहेर आली तेव्हा पावलं वरच्या पायऱ्यांवर गेली होती आणि मग रस्त्याच्या आवाजात मिसळली.

काकू गाठोड्याची गाठ चाचपत होत्या. "त्या लहान मुलीचे कपडे आणणारी हीच. आज पहिल्यांदाच मोठ्या बाईचे आणलेत," त्या म्हणाल्या. "म्हणाली, बरीच वर्षं ठेवले होते, आता देऊन टाकते. तुमच्याच अंगाचे असतील असं वाटतंय. बघता का?"

रफूवालीनं गाठोड्याकडे पाहिलं. मग ती नको म्हणाली आणि पायऱ्या चढून वर आली.

६

शाळा सुटायच्या तासभर आधीच ती फाटकाशी जाऊन उभी राहिली. परतीच्या वाटेवर तिनं मुंगीचं मनगट धरलं नाही. मुंगी पुढे पुढे पळत होती, वाकून काहीतरी उचलत होती, आणि रफूवाली मागून तिला बघत होती. पोरीसाठी वाटणारी भीती गेली होती. तिच्या जागी जे आलं होतं ते आपलं आपणच गिळायचं होतं.

घरी आल्यावर तिनं टेबल खिडकीशी ओढलं. नवं जाकीट काढलं, डाव्या बाहीवर खडूनं रेघ मारली आणि सुई मुंगीच्या हातात दिली. म्हणाली, की आजपासून हे तू करायचंस, मी शेजारी बसते.

मुंगीनं जीभ बाहेर काढून दोरा ओवला. तो दुपदरी घ्यायला निघाली तेव्हा आईनं एकेरी घ्यायला लावला. पोरीनं उजव्या हातानं पहिली ओळ घातली. लांब, वेडेवाकडे टाके. रफूवालीनं ते लगेच ओळखले. 

"हे चुकलं," ती म्हणाली आणि ओळ उसवली. मुंगीनं पुन्हा घातली. तिनं पुन्हा उसवली. बाबा कामावरून आले, दारात उभे राहून बघत राहिले, बायकोचा चेहरा पाहिला आणि आत गेले.

चौथ्यांदा सुई बोटात गेली. मुंगीनं बोट चोखलं, जाकीट ढकललं आणि रडवेली होऊन म्हणाली, "आई, तू आहेस ना हे करायला? मग मला कशाला यायला हवं?"

रफूवालीनं टाके उसवले. दोरा सरळ केला आणि सुई परत तिच्या हातात दिली.

"आणखी बारीक," ती म्हणाली.